रक्तवाहिनीची किंमत

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या कारकुनाला ‘स्टेंट’ म्हणजे काय, हे आता समजावून सांगावे लागत नाही. नात्यागोत्यात वा कचेरीत कोणाच्या तरी हृदयात ती बारीक जाळी बसलेली असतेच. औषधाचा लेप असलेल्या या जाळीची छापील किंमत सरासरी १,२१,४०० रुपये होती. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ती २९,६०० रुपयांवर आणली. ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली हे खरे; पण एका आदेशाने एवढी घट होऊ शकते, तर आधीची किंमत कशाची होती?

हा प्रश्न आज पुन्हा काढण्यास कारण आहे. स्टेंटवरील औषध वाहिनीत पेशींची वाढ रोखते. नव्या संशोधनाचा रोख नेमका उलट, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या उगविण्याकडे आहे. प्राणवायू सूक्ष्म वाहिनीपासून एकदोन दशांश मिलिमीटरपलीकडे पुरेसा पोचत नाही. त्यापुढची पेशी उपाशी मरते. वाहिन्या वाढविणारे व्हीईजीएफ हे प्रथिन १९८९ मध्ये ओळखले गेले. मात्र ते नुसते टोचले तर रक्तात फार काळ टिकत नाही, आणि मात्रा वाढवावी तर रक्तदाब घसरतो. अमेरिकेतील ‘व्हिव्हा’ चाचणीत साठ दिवसांनंतर त्याचा गुण लटक्या औषधापेक्षा अधिक दिसला नाही. चाचणीचे हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून आता हे प्रथिन अतिसूक्ष्म कणांत भरून सावकाश पाझरू द्यावयाचे आणि वेलीला मांडव घालावा तसा तंतूंचा आधार वाहिन्यांना द्यावयाचा, असे प्रयोग चालू आहेत. मधुमेहाने न भरणाऱ्या पायाच्या जखमांना त्यांचा उपयोग व्हावा, ही आशा आहे.

वर्गात आम्ही ग्राहकाच्या सार्वभौमत्वाचा धडा शिकवितो. शस्त्रक्रियेच्या टेबलावरील ग्राहक मात्र घासाघीस करीत नाही; वस्तू डॉक्टर निवडतो आणि भविष्यनिर्वाह निधी रुग्णाचा रिकामा होतो. किंमत बांधली की नवे तंत्र देशात येत नाही, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. २०१७ मध्ये काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट मागे घेण्याची परवानगी मागितलीच होती. पण तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा या सरकारी संस्थेने हृदयाची झडप स्वतः घडविली, डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णास बसविली गेली आणि आयात झडपेहून ती स्वस्त पडली, याकडे हे आक्षेपक पाहत नाहीत.

तेव्हा सरकारी पैशातून होणाऱ्या अशा संशोधनाचे हक्क कारखानदाराला देतानाच विक्रीच्या कमाल किमतीचे कलम करारात घातले पाहिजे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयाला तो माल कोणत्या दराने मिळेल, हेही त्याच करारात लिहून घ्यावे.