खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरीं

कोंकणांतील घर हें जमिनीलगत जगणारें घर आहे. पाटावर बसून जेवावें, विळीपाशीं बसून नारळ खवावा, न्हाणींत उकिडवें बसून आंघोळ करावी, झोपाळ्यावर पाय मुडपून सुपारी कातरावी, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत. ती वाईट आहे असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्याच्या खुब्याचा सांधा नुकताच बदलला आहे अशा मनुष्याशीं हेंच घर पहिले तीन महिने वैऱ्यासारखें वागतें. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडते, मंडळी रुग्णाला मुंबईहून अथवा कोल्हापुराहून रत्नागिरीस घेऊन येतात, आणि दुसऱ्याच दिवशीं सवयीनें पाट मांडला जातो. सांधा निखळतो तो अशा वेळीं.

कारण समजलें म्हणजे पथ्य पाळणें सोपें जातें. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोंकाला एक गोळा असतो व तो कटीच्या हाडांतील खोबणींत फिरतो. या नैसर्गिक गोळ्याचा व्यास सामान्यतः ४५ ते ५० मिलिमीटर भरतो. १९६२ सालीं इंग्लंडांत राइटिंग्टन येथील रुग्णालयांत जॉन चार्न्ली यांनीं पोलादी गोळा आणि प्लॅस्टिकची वाटी असा जो सांधा बसविण्यास आरंभ केला, त्यांतील गोळा अवघा २२ मिलिमीटरांचा होता. आजचे गोळे त्याहून मोठे, बहुधा २८ ते ३६ मिलिमीटरांचे असतात. तरी मूळच्याहून लहानच. लहान गोळा वाटीच्या कांठावरून लवकर निसटतो. त्यांतून सांध्याभोंवतालचें जें वेष्टण शस्त्रक्रियेंत कापावें लागतें, तें भरून यावयास आठवडेच्या आठवडे लागतात. तोंवर गुडघा खुब्याच्या वर गेला, पायावर पाय टाकला, किंवा पाऊल आंत वळलें, कीं गोळा मागल्या बाजूनें बाहेर येण्याचें भय असतें. मागून छेद घेतलेल्यांना हें पथ्य विशेषेंकरून आहे. छेद पुढून असेल, अथवा मोडलेलें हाड नुसतें सळईनें जोडलें असेल, तर नियम निराळे असतात. म्हणून घरीं निघण्यापूर्वीं शस्त्रवैद्यांकडून ते कागदावर लिहून घ्यावे; तोंडीं ऐकलेलें गाडींतच विसरतें.

तेव्हां घरांतील मुख्य काम म्हणजे रुग्णाचें सारें जगणें हातभर वर उचलणें. रुग्णाला उभें करून गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत दोरीनें माप घ्यावें. खुर्चीची व खाटेची बैठक त्या मापाहून दोन इंच उंच हवी. खुर्ची हातांची असावी; आरामखुर्ची, दिवाण, मऊ सोफा हीं सर्व तूर्त वर्ज्य. खाट सखल असेल तर सुतारांकडून पायांच्या मापाची खांच असलेले लांकडी ठोकळे करून घ्यावे. नुसते चिरे किंवा विटा पायांखालीं सारण्याची आपल्याकडे चाल आहे, पण रुग्ण कडेवर बसला म्हणजे त्या सरकतात. निजतांना दोन गुडघ्यांमध्यें एक जाड उशी ठेवावी.

शौचाचा प्रश्न सर्वांत नाजूक. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर बसणें या काळांत सर्वस्वी निषिद्ध. यावर कमोडची खुर्ची हा उपाय आहे, आणि तिलाच वृद्ध मंडळी नाक मुरडतात. देवघराशेजारच्या खोलींत असलें कांहीं नको, असें आजीबाई सांगतात, आणि रात्रीं दोन वाजतां कोणास न उठवितां परसाकडे निघतात. त्यांची ही लाज खरी आहे. तिची थट्टा करूं नये. खोलींत एक पडदा लावावा, भांडें कोणीं उचलावयाचें हें आधींच ठरवावें, आणि उशाशीं एक लहान घंटा ठेवावी. हांक मारण्याचा ज्यांना संकोच वाटतो तीं माणसें घंटा मात्र वाजवितात, असा माझा अनुभव आहे.

न्हाणींत उंच, रबरी बुडाचें स्टूल व भिंतीस धरावयाचा दांडा हवा. नळाला धरून उठूं नये. जांभ्याच्या भिंतींत दांडा बसवितांना वरच्या गिलाव्यावर भरंवसा न ठेवतां बोल्ट चिऱ्यांत खोल जाऊं द्यावा, आणि घरांतील धडधाकट मनुष्यानें आपला भार टाकून तो आधीं तपासावा.

आतां वॉकर. हात सैल सोडून उभें राहिलें असतां मनगटाच्या घडीशीं त्याची मूठ यावी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित् वांकतें. आधीं वॉकर, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला पाय, हा क्रम. त्याच्या रबरी टोप्यांकडे आपल्याकडे कोणी पाहत नाहीं. जांभ्याच्या खरखरीत अंगणांत त्या लवकर झिजतात, आणि जेथें वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो त्या रत्नागिरींत झिजलेली टोपी शेंवाळावर साबणासारखी घसरते. टोप्या बदलाव्या, गोधड्या, पायपुसणीं व वायरी वाटेंतून काढाव्या, उंबरठ्याला रंगाचा पट्टा ओढावा.

खालीं पडलेली वस्तु उचलण्यासाठीं बाजारांत चिमट्याची काठी मिळते. न मिळाल्यास आंबे-फुलें काढावयाची आपली आकडी, आंखूड करून, कपडे ओढण्यास उत्तम चालते. कपडा घालतांना शस्त्रक्रियेचा पाय आधीं, काढतांना शेवटीं. विळी तीन महिने टांगून ठेवावी व भाजी टेबलाशीं बसून सुरीनें चिरावी. पण भाजी रुग्णाईतालाच चिरूं द्यावी, त्यानें मन घरांत रमतें.

या साधनांना खर्च येतो, आणि तो थोड्या दिवसांसाठीं नकोसा वाटतो. केंद्र सरकारनें २०१७ सालीं राष्ट्रीय वयोश्री योजना आणि राज्य सरकारनें २०२४ सालीं मुख्यमंत्री वयोश्री योजना वृद्धांच्या साधनांसाठींच काढल्या. वय व उत्पन्न यांच्या अटींत कोण बसतो याची चौकशी समाजकल्याण कार्यालयांत करावी. पुष्कळदां मात्र शेजारच्या घरींच एखादा वॉकर माळ्यावर धूळ खात असतो.

कांहीं कुटुंबांत माया उलट्या बाजूनें घात करते. "पडून राहा, हलूं नको," असें सांगून रुग्णाला खाटेवर खिळवितात. त्यानें पायाच्या शिरांत रक्त गोठतें, पाठीला व्रण पडतात, छाती भरते. दर तासाला पावलें वर-खालीं हलवावीं, दिवसांतून अनेक वेळां थोडें थोडें चालावें. पोटरी सुजून दुखूं लागली, एकाएकीं धाप लागली, जखमेंतून स्राव वाहूं लागला, किंवा कळ येऊन पाय आंखूड दिसूं लागला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

पुढें वॉकर सुटून काठी येते. ती दुखऱ्या बाजूस धरण्याची चूक दहांतले नऊ जण करतात. ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातांत हवी, तरच खुब्यावरील भार हलका होतो. पाखाडी चढतांना चांगला पाय आधीं वर टाकावा, उतरतांना शस्त्रक्रियेचा पाय काठीसह आधीं खालीं. आणि झोपाळा? तो शस्त्रवैद्यांनीं होय म्हणेपर्यंत कड्यांवरून उतरवूनच ठेवावा. उठूं लागतांच तो मागें सरकतो.