दोन तारांवरचं लढाऊ विमान

एकेकाळी लढाऊ विमानात रडारपासून इंधनमापकापर्यंत प्रत्येक उपकरणाची वेगळी तार असे. वजन वाढे, बिघाड शोधताना तंत्रज्ञ मेटाकुटीला येत. १९७३ साली अमेरिकेने ‘मिल-स्टँडर्ड-१५५३’ हे मानक आणून पीळ घातलेल्या दोनच तारांवर सगळ्यांचं बोलणं आणलं. एफ-१६मध्ये ते लवकरच रुळलं. आपल्या तेजसमध्येही हीच ‘बस’, म्हणजे सगळ्यांची सामायिक तारजोडी, आहे.

वेग सेकंदाला अवघा १० लाख बिट. घरातलं वायफाय याहून कितीतरी वेगवान. पण इथे खरी किंमत शिस्तीला आहे. बसचं नियंत्रण करणाऱ्या ‘बस कंट्रोलर’ने विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही, आणि विचारलं की १२ मायक्रोसेकंदांच्या आत उत्तर सुरू झालंच पाहिजे. एका बसवर टर्मिनल, म्हणजे उपकरणांना बसशी जोडणारे दुवे, जास्तीत जास्त ३१. राखीव म्हणून तारांची दुसरी जोडीही असते, ती शक्यतो वेगळ्या वाटेने नेतात. गोळी लागून एक तुटली तरी दुसरी काम करते.

प्रवासी विमानांत ‘अॅरिंक ४२९’ या मानकाची पद्धत आणखी साधी: एक बोलतो, वीसपर्यंत ऐकतात. एअरबस ए३८०ने मात्र सेकंदाला १० कोटी बिटांचं दुहेरी इथरनेट आणलं.

विमानातल्या या यंत्रणांना वीजही कमी लागायला हवी. का? प्रत्येक वॅटची शेवटी उष्णताच होते, आणि उंचावरच्या विरळ हवेत बंद पेटी थंड ठेवणं फार कठीण. ‘१५५३’च्या टर्मिनलला खरी वीज लागते ती बोलताना. पूर्वी त्याला अख्खं सर्किट-कार्ड लागे. आता ट्रान्सीव्हर, प्रोटोकॉल आणि मेमरी एकाच चिपमध्ये बसतात. छोट्या ड्रोनसाठी जागेची आणि विजेची ही बचत फार मोलाची.