खुणेचं पिस्तूल

२७ जून १९८१. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या रानात बारा माणसं डोळ्यांवर गॉगल चढवून आणि हातात रंगाचं पिस्तूल घेऊन एकमेकांना हुडकत होती. रानात चार ठिकाणी चार रंगांचे झेंडे ठेवले होते. प्रत्येक रंगाचा एकेक झेंडा उचलायचा आणि अंगावर रंग न लागू देता बाहेर पडायचं, एवढाच खेळ. आज त्याला पेंटबॉल म्हणतात. जिंकला रिची व्हाइट. हा पेशाने फॉरेस्टर, रोजचा झाडांत वावरणारा माणूस. त्याने त्या दिवशी एकही गोळी झाडली नाही.

या डावामागे मित्रांमधला एक जुना वाद होता. हेज नोएल वॉल स्ट्रीटवर शेअरचे व्यवहार करणारा, चार्ल्स गेन्स लेखक. शहरात भल्याभल्यांना पुरून उरणारा माणूस रानात टिकेल का, यावर दोघांचं काही केल्या एकमत होईना. त्यांच्या एका मित्राला शेतीच्या सामानाच्या कॅटलॉगमध्ये एक चमत्कारिक पिस्तूल दिसलं आणि वादाचा निकाल लावायची सोय झाली. तिसरा गडी बॉब गर्न्सी. त्याने पुढे या खेळाचा धंदा उभा केला आणि त्याला ‘नॅशनल सर्व्हायव्हल गेम’ असं भारदस्त नाव दिलं.

ते पिस्तूल माणसांसाठी नव्हतंच. मिशिगनमधल्या आयर्न माउंटन गावची नेल्सन पेंट कंपनी वनखात्यांना आणि लाकूड व्यापाऱ्यांना झाडांवर खुणा करायचा रंग पुरवत असे. कुठलं झाड तोडायचं ते दाखवायला दर वेळी काटेकुटे तुडवत बुंध्यापर्यंत जायचं म्हणजे ताप. तीच गत कळपातल्या गुरांची. म्हणून लांबून रंग फेकणारं साधन हवं होतं. एअरगन बनवणाऱ्या क्रॉसमन आणि मग डेझी या कंपन्यांनी ते घडवलं. हेनिकरच्या रानात पोचलेलं डेझीचं मॉडेल म्हणजे ‘नेलस्पॉट ००७’. त्याची गोळी आर. पी. शेरर या कंपनीची होती आणि तिचा मूळ व्यवसाय औषधांच्या मऊ जिलेटिन कॅप्सूलचा. आपण पाण्याबरोबर गिळतो त्या कॅप्सूलची ही थोरली बहीण.

आत रंग मात्र तेलाचा. झाडावरची खूण पावसात धुऊन जाता कामा नये ना! माणसाच्या अंगावर बसला की टर्पेंटाइनने घासत बसायचं. खेळ वाढला तसा पाण्याने निघणारा रंग आला. आज बहुतेक गोळ्यांत पॉलिइथिलिन ग्लायकॉल आणि खायचा रंग असतो.

जन्मखूण तरीही शब्दात उरली. या बंदुकीला खेळाच्या रीतसर भाषेत ‘मार्कर’ म्हणतात, म्हणजे खूण करणारं साधन. खेळाडू सर्रास गन म्हणतात, ते वेगळं. गोळ्यांना कोणी गोळ्या म्हणत नाही, त्या ‘पेंट’. दोन हजारांचं खोकं असतं. नेहमीची गोळी ०.६८ इंच व्यासाची, म्हणजे सतराएक मिलिमीटर, आणि वजनाला तीन ग्रॅम. हिचे नखरे फार. जिलेटिन हवेतला दमटपणा शोषतं, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली गोळी फुगते. कडाक्याच्या थंडीत तीच ठिसूळ होऊन नळीतच फुटते. नळी आणि गोळीचा जोड बघायची युक्ती गमतीची आहे. सुट्या काढलेल्या नळीत गोळी टाकायची. ती आपसूक ओघळून गेली तर सैल. तिथेच थांबली आणि फुंकर मारल्यावर सुटली तर बरोबर. गोळी पुरती आत बसण्याआधीच तिला नळीत ढकलणाऱ्या बोल्टने कापलं की त्याला ‘चॉप’ म्हणतात. मग खेळ सोडून नळीतला रंगाचा रबरबाट पुसत बसावं लागतं.

मैदानात उतरण्याआधी प्रत्येक मार्कर वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर तपासतात. सेकंदाला ३०० फूट ही सर्वमान्य मर्यादा, म्हणजे ताशी साधारण ३३० किलोमीटर. त्यापुढे गेलेला मार्कर ‘हॉट’. एवढ्या वेगाची गोळी डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो, म्हणून खेळ चालू असताना मास्क काढणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. बाहेर येताना नळीच्या तोंडावर कापडी मोजा चढवायचा. गोळी अंगावर फुटली तर गडी बाद. आपटून नुसतीच उडाली तर तो ‘बाउन्स’, खेळ चालू. आबाधुबी खेळताना पाठीवर चेंडूचा वळ उठलेल्यांना या दुखण्याचा अंदाज येईल. अंगावरचा रंग गुपचूप पुसून खेळत राहणं म्हणजे ‘वायपिंग’. आपल्याकडे याला रडीचा डाव म्हणतात.

नेलस्पॉटमध्ये दहाएक गोळ्या मावत. दर गोळीसाठी पिस्तूल कलतं करून ती घरंगळत जागेवर आणायची, मग बोल्ट ओढायचा. त्यानंतर पंप आला, सेमी-ऑटोमॅटिक आला आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘शॉकर’, ‘एंजल’ असे बॅटरीवर चालणारे मार्कर आले. नुसत्या वजनाने गोळी खाली सोडणारा हॉपर, म्हणजे वरचा गोळ्यांचा डबा, त्यांना पुरेना, म्हणून त्यालाही मोटर बसली. कार्बन डायऑक्साइड थंडीत दगा देतो, म्हणून ४५०० पीएसआय दाबाच्या हवेच्या टाक्या आल्या. कमरेच्या पट्ट्यात १४० गोळ्यांचे ‘पॉड’ खोचले गेले. शेवटी नियम करणाऱ्यांनाच ब्रेक लावावा लागला. अमेरिकेतल्या एनएक्सएल लीगमध्ये मर्यादा सेकंदाला १०.२ गोळ्यांची झाली. दशांश चिन्हापुढचा तो दोन बघितला की या मर्यादेसाठी किती घासाघीस झाली असेल, असं वाटून जातं.

या वेगवान अवताराचं नाव ‘स्पीडबॉल’. रान नाही; सपाट मैदान आणि हवा भरलेले आडोसे, म्हणजे बंकर. एका कडेला लांबलचक, बुटका ‘स्नेक’. त्याच्याआडून पोटावर सरपटत जायचं. दुसऱ्या कडेला त्रिकोणी ‘डोरिटो’, थेट चिप्सच्या नावाचे. शिट्टीनंतरची पहिली धाव म्हणजे ‘ब्रेक’. समोरचा ज्या वाटेने पळणार, तिथे तो पोचण्याआधीच गोळ्यांची धार धरून ठेवणं म्हणजे ‘लेन’. आडोशातून क्षणभर बाहेर येऊन एक-दोन गोळ्या मारून परत दडणं म्हणजे ‘स्नॅप शूटिंग’. आणि समोरच्याच्या बंकरपर्यंत सरळ धावत जाऊन त्याला तिथेच टिपणं म्हणजे ‘बंकरिंग’. पाहायला हा सगळ्यात थरारक प्रकार, आणि मार खाणाऱ्याला सगळ्यात झोंबणारा.

रानातला जुना खेळ ‘वुड्सबॉल’ म्हणून चालू राहिला. त्याला कथानकाची जोड मिळाली की ‘सिनारिओ’ होतो. ओक्लाहोमात १९९७ पासून अनेक वर्षं १९४४ची नॉर्मंडीची चढाई हजारो खेळाडूंनी अशी रंगवली. आपल्याकडे ओळख आहे ती लोणावळ्याच्या बाजूच्या ॲडव्हेंचर पार्कांतली. कंपनीच्या सहलीला आलेली मंडळी मोजक्या गोळ्यांत साहेबाला गाठायचं बघतात आणि ‘डोरिटो’ वगैरे शब्द कानावर पडायच्या आत वेळ संपते.

सेकंदाला दहा गोळ्यांचा कंटाळा आलेल्या काहींनी मात्र उलटी वाट धरली आहे. त्यांचा प्रकार ‘स्टॉक क्लास’. हॉपर नाही, बॅटरी नाही; बारा ग्रॅमची गॅसची कुपी आणि खिशात दहा-दहा गोळ्यांच्या नळ्या. दर गोळीमागे मार्कर पुढे कलवायचा, ती घरंगळल्याची टिकटिक ऐकायची आणि तेवढ्या वेळात पलीकडच्या झाडामागे पाचोळा वाजला का, तिकडेही कान ठेवायचा.