आऱ्यांचे दशक

पहाडी सायकलच्या मागल्या चाकाचा एक आरा नुकताच तुटला, तेव्हा या घडणीचे सुटे आरे कारखान्याने बंद केले आहेत, सबब संपूर्ण चाकच नवे घ्यावे, असा निकाल दुकानातील तरुण कारकुनाने संगणकावरून नजर न काढता दिला.

ताणलेल्या पोलादी तारांवर चाक उभे राहते, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले. त्यानंतरच्या दीर्घ कालखंडाविषयी मला फारसे कुतूहल नाही. माझे दशक नव्वदीचे. नोकरीनिमित्त मी तेव्हा कॅलिफोर्नियात होतो. तिथल्याच पालो आल्टोत राहणाऱ्या जॉब्स्ट ब्रँट यांचा 1981 सालचा ‘द बायसिकल व्हील’ हा ग्रंथ आम्हा हौशी मंडळींत सनदेइतका प्रमाण मानला जाई. दोन चाकांचे मिळून चौसष्ट आरे: सरसकट 2 मिलिमीटर जाडीचे घेतले तर सुमारे 420 ग्रॅम, आणि दोन्ही टोके तेवढीच जाड ठेवून मध्यभाग 1.5 पर्यंत कृश केलेले घेतले तर सुमारे 280. कृश म्हणजे दुर्बळ, असे दरडावून सांगणारे शहाणे तेव्हाही उदंड होते. त्यांचा हिशेब मुळातच चुकत होता. कारण आरा सहसा तुटतो तो हबाजवळच्या वाकलेल्या मानेशी अथवा आट्यांपाशी, आणि कृश मध्यभाग अधिक ताणला जात असल्यामुळे खडकाचा आघात शेजारच्या आऱ्यांत वाटला जाऊन त्या मानेवरचा जाच उलट हलकाच होतो.

मात्र ताण देताना असा आरा निपलबरोबर, म्हणजे रिमकडच्या टोकावरील चावीने फिरवायच्या नटाबरोबर, स्वतःही पिळला जातो. म्हणून त्यावर चिकटपट्टीचे इवलेसे निशाण लावावे, ते जितके फिरेल तितकी चावी जादा फिरवून मागे घ्यावी, आणि मगच चाकाचा आऊट काढावा. मागल्या चाकात साखळीच्या बाजूचे आरे अधिक उभे व अधिक ताणाचे, म्हणून तेथे मध्यभागी 1.8 चे व पितळी निपल. दुसऱ्या बाजूस 1.5 चे आरे व ॲल्युमिनियमचे निपल, वजनाने पितळेच्या तिसऱ्या हिश्शाचे. ही तजवीज स्वाराचे वजन आणि त्याची वाट पाहून करावयाची. ताठरपणा हवा असलेल्या भारदस्त स्वारास पातळ आरे देऊ नयेत, एवढा विवेक आम्हांस होता.

1996 साली मावीक कंपनीने ‘क्रॉसमॅक्स’ हे तयार चाक आणले. पुढे डिस्क ब्रेक आले, 29 इंची चाके आली, आणि आरे निवडण्याचा स्वाराचा अखत्यार बेमालूम बरखास्त झाला. मधली वर्षे मी गाळतो. त्यांत जाहिरातींखेरीज काही घडले असे मला वाटत नाही. आज त्या जाहिरातींत चाकाचे वजन ग्रॅमागणिक छापलेले असते. आरे किती जाडीचे, आणि त्यांतला एक तुटला तर कोठे मिळेल, हे मात्र बारीक टायपातसुद्धा सापडत नाही.