आत्यांची बुलेट

मामा गेल्याला दीड महिनाही झाला नव्हता, तोच पुण्याहून एक गृहस्थ आमच्या दारात हजर. पोशाख नीटनेटका, बोलणं गोड. चहा घेता घेता त्यांची नजर सारखी अंगणातल्या पत्र्याच्या शेडकडे. तिथे ताडपत्रीखाली मामांची बुलेट उभी होती. १९७८ सालची, काळी, टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघांची. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून माझ्या हातातला ट्रे हलला. मामांनी ती घेतली तेव्हा त्याच्या दहाव्या हिश्श्यालाही पडली नसेल!

सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या, ही आमच्याकडची रीत. मामा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. उमरगा, भूम, परंडा, सगळीकडे बदल्या झाल्या. वाड्यावस्त्यांवर एस.टी. जायची नाही, पण मामांची बुलेट जायची. तिचा आवाज ऐकूनच माणसं आजारी गाय-म्हैस झाडाखाली आणून बांधायची म्हणे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या जिल्ह्यात कोण विसरेल? गणपतीचं विसर्जन करून गाव झोपलेलं आणि चार वाजायच्या आत होत्याचं नव्हतं झालं. मामा उजाडायच्या आत उमरग्याहून सास्तूरकडे निघाले. नंतरचे कितीतरी दिवस चिखलातून, पडलेल्या दगडांमधून त्या गाडीवर औषधांची पेटी बांधून ते फिरत राहिले. तेव्हा मी माहेरी शाळेत होते, लग्न होऊन या घरात आल्यावर हे ऐकलं. मामा स्वतः त्याबद्दल फार बोलत नसत. फक्त एकदा म्हणाले, "गाडी एकदाबी बंद पडली न्हाई."

आता थोडं या गाडीच्या माहेराविषयी. बुलेट मूळची इंग्लंडची, रेडिच नावाच्या गावची. हे नाव रॉयल एनफिल्डने पहिल्यांदा १९३२ साली दिलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, म्हणून ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या गेल्या. १९५५ पासून मद्रासला जुळणी सुरू झाली, पुढे सगळी गाडीच तिथे बनू लागली. गंमत बघा, तिकडे रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि १९७७ पासून आपली मद्रासची बुलेट उलटी इंग्लंडला जाऊ लागली! लेकीनं सासरहून माहेरचा संसार सांभाळावा, तसंच काहीसं. कलेक्टर साहेबांची पांढरी अम्बॅसॅडरही तशी सासुरवाशीणच, मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तीही २०१४ मध्ये बंद झाली. अलीकडे तर नॉर्टन हे नाव टीव्हीएसने घेतलंय, बीएसए महिंद्रांकडे आलंय आणि ट्रायम्फच्या काही गाड्या २०२३ पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनतात.

पण या गाड्यांवर जीव टाकणारी माणसं बघायची तर आमच्या गावातल्या चाचांच्या गॅरेजवर रविवारी सकाळी जावं. मामांना पक्षाघात झाल्यावर मीच त्यांना रिक्षातून तिथे न्यायचे, म्हणून ही मंडळी माहीत झाली. एक निवृत्त मास्तर, एक एस.टी.चे ड्रायव्हर, भूमकडचे एक खवावाले, दोन-तीन शेतकरी. कुणाला जुनी क्लच प्लेट मिळाली की ती पेढ्यासारखी हातोहात फिरते. कुणी कुणाला सुट्या भागाचे पैसे मागत नाही. "तेल गळत नाही ती बुलेट कसली," यावर सगळ्यांचं एकमत! नवीन गाडीचा गिअर डाव्या पायात असतो, यांच्या गाड्यांचा उजव्या पायात. पहिला वर, बाकीचे तीन खाली. ब्रेक डावीकडे. त्यामुळे दुसऱ्याची गाडी चालवायला घेणाऱ्याची कशी फजिती होते, याचे किस्से दर रविवारी नव्याने. मामांना नीट बोलता येत नव्हतं, पण समोर इंजिन चालू झालं की डावा हात मांडीवर ठेका धरायचा.

मैत्रिणींनो, तिथे मला एक गोष्ट खटकायची. या सगळ्या प्रेमकहाण्यांत बायका कुठेच नसायच्या. ग्रीसचे कपडे धुणाऱ्या, "आधी गाडीचं काम करू, मग कपाटाचं बघू" हे ऐकणाऱ्या बायका घरीच.

तर त्या दिवशी पाहुणे आकडा सांगून गेले आणि रात्री घरात बैठक बसली. धाकटे दीर पुण्याहून आले होते. त्यांचं म्हणणं, गाडी विकावी आणि पैसे निम्मे-निम्मे करावेत. ह्यांचंही मन झुकलं होतं. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, विमा, दुरुस्ती, कुणी करायचं? व्यवहाराला धरून होतं, मी काय बोलणार?

आत्या वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या पाटल्याचं काय मग?"

कुणाला काही कळेना.

"गाडी घ्याया पैसं कमी पडलं तवा माझ्या पाटल्या मोडल्या. दोन्ही. माझ्या आईनं घातलेल्या. हे म्हणलं, पुढल्या साली करू. झाल्या न्हाईत. मी बी पुन्यांदा काढलं न्हाई. इकायची म्हणायलाव, तर मला इचारलं का कुणी?"

पंचेचाळीस वर्षांत हे त्या कुणाजवळही बोलल्या नव्हत्या. अंगणात सडा-रांगोळी करताना तेलाच्या डागाला वळसा घालून रांगोळी काढणाऱ्या, गाडीखाली न चुकता जुनी परात सरकवणाऱ्या आत्या मला आठवल्या. मी गावोगावी बचत गटाच्या बायकांना सांगत फिरते, घरावर नाव लावून घ्या, सातबाऱ्यावर लावून घ्या. आणि माझ्याच घरात?

दुसऱ्या दिवशी मीच कागद बघायला घेतले. मालकाच्या मृत्यूनंतर वाहन वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. मृत्यूची माहिती तीस दिवसांत कळवायची आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत असतं? आमचे तीस दिवस तर उलटूनच गेले होते. मृत्यूचा दाखला, गाडीचं नोंदणीपुस्तक, विमा आणि बाकीच्या वारसांची संमती. दिरांच्या सहीला आठ दिवस लागले. रागावले नव्हते, पण गप्प होते. सही करताना एवढंच म्हणाले, "आईनं आधी सांगायचं होतं." आत्या म्हणाल्या, "तू लहान व्हतास."

एवढ्या दिवसांत माझी लेक चाचांकडून किक मारायला शिकली. त्याला नुसती ताकद कामाची नाही. आधी किक हळूहळू दाबायची, मीटरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशनची पट्टी ओढून थोडं पुढे सरकवायचं, पट्टी सोडायची आणि मग एकच दणका. चुकलं तर किक उलटी येते आणि नडगी फुटते. तिची फुटली, दोनदा. शेवटी लागली तेव्हा चाचांनी डोळे पुसले. पुण्यात २०११ मध्ये मुलींनी मोटारसायकलवाल्या बायकांचा 'बायकरनी' नावाचा गट काढला, ते तिने मला मोबाईलवर दाखवलं होतं. आमच्याकडे हे तुरळकच. शेजारणी गच्चीवर येऊन बघत होत्या.

नवं नोंदणीपत्र आलं. त्यावर आत्यांचं पूर्ण नाव. आयुष्यात त्यांच्या नावावर झालेली ही पहिली वस्तू. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं आणि देवघरात हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं.

पुढच्या मंगळवारी तुळजापूरला निघाल्या. रिक्षा सांगते म्हटलं, तर नको. नऊवारीचा काष्टा घट्ट करून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नातीच्या मागे दोन्हीकडे पाय टाकून बसल्या. मामांच्या मागे जन्मभर एका बाजूला, मांडीवर पोर घेऊन बसत होत्या. मी स्कूटीवर मागे. वळणावर लेकीनं जरा वेग घेतला आणि आत्यांनी तिच्या पाठीत हलकीच चापट मारलेली मला मागून दिसली. देवळापाशी उतरल्यावर विचारलं, काय म्हणत होत्या आजी?

"म्हणाली, हळू चालव, माझी गाडी हाय."