सक्तीचे श्रम आणि कामाची शिस्त : वळिवडे येथील पोलिश निर्वासितांच्या संदर्भात

कसेबसे उरकलेल्या कामाला मराठीत ‘वेठ मारणे’ म्हणतात. सक्तीचा श्रमिक काम कसे करतो, याविषयीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या शब्दप्रयोगात साठलेला आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९२० मध्ये वेठबिगार बंद केली. पुढे दोन दशकांनी युरोपातील व्याप्त प्रदेशांत तीच प्रथा औद्योगिक प्रमाणावर अवतरली. ती भोगून आलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरनजीक वळिवडे येथे वास्तव्य करून होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडची जर्मनी व सोव्हिएत संघ यांच्यात वाटणी झाली. दोन्हीकडे श्रमाची सक्ती आली, आणि दोन्हीकडील अधिकाऱ्यांची तक्रारही एकसारखीच राहिली : कामगार उशिरा येतात, गैरहजर राहतात, ठरलेले काम पुरे करीत नाहीत. या तक्रारीचे मूळ मात्र कामगाराच्या स्वभावात नसून त्याच्यावर लादलेल्या व्यवस्थेतच होते.

जर्मन अमलाखालील पोलंडमध्ये मजुरी गोठविण्यात आली, शिधा जगण्यास अपुरा ठरला आणि काळ्या बाजारातील भाव अनेक पटींनी चढले. आठवडाभर राबून कुटुंबाचे पोट भरत नसे. उलट एक दिवस कारखाना चुकवून खेड्यातून पीठ व बटाटे आणल्यास चूल पेटे. अशा स्थितीत गैरहजेरी हा निर्वाहाचाच एक भाग बनला. भूमिगत चळवळीने तिला राजकीय अर्थही दिला. भिंतींवर कासवाचे चित्र रंगवून ‘सावकाश काम करा’ असा संदेश देण्यात येई. भुकेमुळे मंदावलेला हात कोणता आणि प्रतिकारासाठी मंदावलेला कोणता, हे हजेरीपटावरून सांगता येत नाही. बहुधा तो हात एकच असे.

यावर शिक्षेचा उपाय योजला गेला. हिमलरच्या मे १९४१ मधील आदेशाने ‘श्रमशिक्षण छावण्या’ नियमबद्ध झाल्या. तेथील कैदेची कमाल मुदत ५६ दिवस होती. मुदतीचे कारण उघड आहे : कामगाराला धाक बसावा, पण उद्योगाने त्याला कायमचे गमावू नये. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनीत परकी कामगार व युद्धकैदी मिळून सुमारे ७६ लक्ष माणसे कामास जुंपलेली होती. त्यांच्याविना युद्धोद्योग चालणे अशक्य होते. धाकाने हजेरी मिळविता येते. काळजी व कौशल्य मिळविता येत नाही.

वळिवड्यास आलेल्या कुटुंबांचा अनुभव मुख्यतः पूर्वेकडचा होता. १९४० व १९४१ मध्ये चार लाटांत तीन लक्षांहून अधिक लोकांना सोव्हिएत संघाच्या अंतर्भागात नेण्यात आले. कोणी उत्तरेकडील जंगलांत वृक्षतोडीस लागले, कोणी कझाकस्तानातील सामूहिक शेतांवर. २६ जून १९४० च्या हुकुमाने वीस मिनिटांहून अधिक उशीर हा तेथे फौजदारी गुन्हा ठरला होता. श्रमछावण्यांत तर भाकरीचे वजन कामाच्या ठराविक मापाशी बांधलेले असे. माप चुकले की भाकरी घटे, भाकरी घटली की शक्ती घटे, आणि दुसऱ्या दिवशी माप आणखी चुके. यातून खोट्या नोंदींची कला जन्मली. आधी मोजलेल्या ओंडक्याचे खुणेचे टोक कापून तोच पुन्हा मोजणीस ठेवीत. कागदावर उत्पादन वाढे, जंगलात नव्हे.

जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटकेचा मार्ग खुला झाला. १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडलेल्यांपैकी काहींना कोल्हापूर संस्थानात आश्रय मिळाला. वळिवड्यास शाळा, चर्च, रुग्णालय, बालवीरांची पथके असे सुसंघटित जीवन उभे राहिले. निर्वासितांच्या वसाहतीची तुलना कारखान्याशी सरसकट करता येणार नाही. तेथे उत्पादनाचे माप नव्हते. तथापि वक्तशीरपणा, श्रमविभागणी व जबाबदारी हे शिस्तीचे घटक तेथे पहारेकऱ्याविना प्रकट झाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

‘शिस्तीचा ऱ्हास’ हा शब्द काम करवून घेणाऱ्याच्या दप्तरातला आहे. शिस्त टिकण्यास श्रमाचे फळ श्रमिकाच्या हाती पडावे लागते, निदान त्याच्या दृष्टीस तरी पडावे लागते. हा दुवा तुटल्यावर शक्ती राखून ठेवणे हेच शहाणपण ठरते. यास्तव व्याप्त प्रदेशांतील कारखान्यांची दप्तरे अभ्यासताना आळसाच्या प्रत्येक नोंदीशेजारी त्या आठवड्याचा शिधा आणि बाजारभाव मांडून पाहणे अगत्याचे आहे.