गाळा पालिकेचा, ताबा दुसऱ्याचा

जळगाव नगरपालिकेला बढती नको होती. शासनाने महापालिका करायचं ठरवलं तेव्हा पालिका कोर्टात गेली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. शासन जिंकलं. 21 मार्च 2003 ला महापालिका झाली; त्याच वर्षी धुळ्याचीही झाली.

महापालिकेला जागा हवी असेल, तर आयुक्तांनी मालकाशी बोलून घ्यायची. मालक नाहीच म्हणाला, तर शासनामार्फत भूसंपादन. पैसे मोजायचे, ताबा घ्यायचा, मगच नारळ फोडायचा. जळगावच्या घरकुल प्रकरणात नेमका हाच क्रम उलटा झाल्याचा आरोप होता. नगरपालिकेच्या काळात अकरा हजारांवर घरांची योजना आखली गेली; पण पालिकेच्या मालकीची नसलेल्या, बिनशेती परवानगी नसलेल्या जमिनींवर काम सुरू झालं. 2006 मध्ये फिर्याद दिली ती खुद्द आयुक्त प्रवीण गेडाम यांनी. आपल्याच दप्तरातल्या फायली घेऊन पोलिसांकडे जाणारा आयुक्त रोज पाहायला मिळत नाही. घरं जळगावची, पण खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. 31 ऑगस्ट 2019 ला 48 जण दोषी ठरले. त्यांत सुरेश जैन आणि गुलाबराव देवकर हे माजी मंत्रीही होते. पुढे अपिलं झाली.

गाळ्यांची गंमत याच्या उलट. तिथे जागा निर्विवाद पालिकेची. महात्मा फुले मार्केटसारख्या संकुलांतल्या दोन हजारांच्या आसपास गाळ्यांचे करार 2012 मध्ये संपले, पण गाळेधारक जागचे हलले नाहीत. महापालिका अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात जागा देता येत नाही, आणि व्यापाऱ्यांना तो भाव परवडेना. थकबाकीवर पाचपट दंडाचा ठराव झाला, तेव्हा बाजारपेठच पेटून उठली. (मतदार आणि थकबाकीदार बऱ्याचदा एकच असतात, हे महासभेत कोणी बोलून दाखवत नाही.) 2017 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गाळे ताब्यात घ्या, असं बजावलं.

बाहेरच्याला वाटतं, कुलूप ठोकलं की झालं. पण कलम 81 ब नुसार प्रत्येक गाळ्याला वेगळी नोटीस, गाळेधारकाचं म्हणणं ऐकून घेणं, मग आदेश. त्यावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील. अशा दोन हजार फायली मालमत्ता विभागातल्या मोजक्या कारकुनांनी हलवायच्या. 2019 मध्ये शासनाने नवे भाडेपट्टा नियम आणले, तर भांडण भाड्याच्या टक्क्यांवर आलं.